तांबूरनं ओढून आणलेला माणूस

"तांबूर! अरे, सोड त्यांना! सोड म्हणते ना!"

सोलेन गुडघाभर पाण्यात उभी राहून ओरडत होती. तांबूरचं तिच्याकडे मुळीच लक्ष नव्हतं. तिचा हा काळा न्यूफाउंडलंड कुत्रा पाण्यात अस्वल दिसायचा आणि बाहेर आला की भिजलेली गोधडी. आत्ता तो एका माणसाचं मनगट तोंडात धरून, मोठ्या जबाबदारीनं, किनाऱ्याकडे येत होता. मनगटामागून बाकीचा माणूसही येत होता.

वाळूला टेकल्यावर तो माणूस उठला नाही. बसूनच राहिला. पोटरीवरची वाळू झटकत... पुन्हा पुन्हा झटकत.

"माफ करा हं," सोलेन म्हणाली. "चावत नाही तो. फक्त — वाचवतो."

"मला?" त्यानं वर पाहिलं. पापण्यांवर समुद्र अजून लटकत होता. "मादमोआझेल, मी पोहत होतो. निवांत!"

धक्क्यावर गावची जीवरक्षक बोट धुणारी मंडळी हसून लोळायची तेवढी बाकी होती. "एरवान! लेका, वादळात बोट काढणारा तू, आणि तुला अस्वलानं काढलं?"

एरवानचे कान लाल झाले. त्या लाल कानांवर सोलेनचा जीव तेव्हाच थोडासा... पण तिनं ते स्वतःशीसुद्धा कबूल केलं नाही.

फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावर, ब्रेतान्यच्या या टोकाला ती चार दिवस सुट्टीवर आली होती. खोली दोघांची घेतलेली. दुसरा होता बेरत्राँ. निघायच्या सकाळी तो म्हणाला, "कुत्रा येणार असेल तर मी येत नाही." सोलेन "बरं" म्हणाली आणि त्याची बॅग गाडीतून उतरवून फुटपाथवर ठेवली. तांबूरला यायलाच हवं होतं. रविवारी याच किनाऱ्यावर समुद्रात जीव वाचवणाऱ्या कुत्र्यांची परीक्षा होती. समुद्रापासून दूर, तिच्या ओव्हेर्नच्या डोंगरातल्या तळ्यात तिनं त्याला एकटीनं तयार केलं होतं. डोंगरातलं कुत्रं समुद्रात काय दिवे लावणार, असं म्हणणाऱ्यांच्या नाकावर टिच्चून.

संध्याकाळी खानावळीत एरवान तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. केस विंचरलेले, शर्टाला इस्त्री.

"माझा जीव वाचवल्याबद्दल... याच्यासाठी एक गालेत सांगू का?"

"तो अंडं घातलेली खातो. मीही."

गालेत म्हणजे इथलं धिरडं; त्या गरम, कुरकुरीत गालेतवर त्यानं लोण्याचा भलामोठा गोळा ठेवला. "तुमच्या डोंगरात लोणी अळणी खातात म्हणे?"

"खातो. आणि जगतोही."

"त्याला लोणी नाही म्हणत. पथ्य म्हणतात."

"चीज करता येत नाही, म्हणून मिठावर फुशारकी!"

"आमच्याकडे समुद्र आहे."

"पाहिला ना. तुम्ही त्यातून बाहेर कसे आलात तेही पाहिलं."

एरवान हसला. मग मध्येच हसायचा थांबला, आणि टेबलाखाली तांबूरच्या डोक्यावर बराच वेळ हात ठेवून बसला.

शनिवारी तो दोघांना कड्यावरच्या पायवाटेनं घेऊन गेला. वारा इतका, की बोलायचं तर कानाशी यावं लागे. आणि बोलण्यासारखं दोघांकडे फार होतं. तांबूर मधोमध चालत होता. एका अरुंद वळणावर तो मुद्दाम मागे राहिला, असं सोलेनला वाटलं.

खाली उतरले तर समोर परीक्षक मादाम केर्मारेक. बुटक्या, गळ्यात शिट्टी, आवाजही शिट्टीसारखाच.

"उद्या तुमचा कुत्रा पाण्यात उतरणार नाही. गावभर ऐकलं मी. निवांत पोहणाऱ्याला ओढून आणतो. असा कुत्रा माणसं घाबरवतो."

"तांबूर चुकत नाही," सोलेन म्हणाली.

"मग हा एरवान बुडत होता?"

सोलेननं एरवानकडे पाहिलं. त्याच्या मागे धक्क्यावर ती मंडळी कान देऊन उभी होती. तो समुद्राकडे बघत म्हणाला, "मी... निवांत होतो."

सोलेननं मान ताठ केली, तांबूरचा पट्टा धरला आणि निघाली. रडली ती खोलीवर. तेही नळ सोडून.

रविवारी सकाळी ती तरीही किनाऱ्यावर गेली. परीक्षा नाही तर नाही. पण आपला कुत्रा लपवून ठेवण्यासारखा नाही, हे सगळ्यांना दिसायला हवं होतं. रात्रीच तिनं त्याला विंचरलं होतं. तांबूर काळ्या मखमलीसारखा चमकत बसला होता.

नारिंगी जॅकेट घातलेला एरवान सरळ मादाम केर्मारेकसमोर येऊन उभा राहिला. मागे सगळी बोटीवरची मंडळी.

"मी खोटं बोललो," तो म्हणाला. मोठ्यानं. "पोटरीत गोळा आला होता. पाय हलेना, पाण्याची ओढ बाहेर नेत होती. आणि मी ओरडलो नाही. बोटीचं सुकाणू माझ्या हातात, मी कसा ओरडणार? या गर्दीत एकट्या तांबूरला कळलं."

कुणी हसलं नाही. तेवढ्यात धक्क्यावरचा एक म्हातारा खाकरला, "वेड्या, मी दोनदा असाच बुडता बुडता राहिलोय. बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही." मग मात्र सगळेच हसले, एरवानसुद्धा.

मादामनी शिट्टी पुसली. "ओरडणारे आम्हालाही ऐकू येतात. न ओरडणाऱ्यांसाठीच तर कुत्रा हवा. उतरवा त्याला."

तांबूर उतरला. लाटा फोडत गेला, परीक्षेसाठी बुडायचं सोंग करत हात मारणाऱ्या माणसाला घेऊन आला आणि वाटेत शेजारून आरामात पोहणाऱ्या दोघांकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. मादामनी त्याच्या गळ्यात निळी फीत बांधली तेव्हा सोलेनला वाटलं, आपल्या डोंगरांची उंची थोडी वाढली असावी.

दुपारी गाडीत सामान भरून झालं. तांबूर मागच्या सीटवर फीत सांभाळत पहुडला. एरवान दाराशी उभा. दोघंही एकमेकांच्या बुटांकडे बघत.

"रस्ता लांब आहे," तो म्हणाला.

"आहे खरा."

"तुम्हाला उशीर होईल."

"होईल."

सोलेननं किल्ली लावली. आणि काढली. आपणही ओरडणाऱ्यांतल्या नाही, हे तिला माहीत होतं... पण आज सकाळी कुणीतरी तिच्या कुत्र्यासाठी सगळ्या गावासमोर मान खाली घातली होती.

"एरवान," ती हळूच म्हणाली. "वाचव मला."

मागच्या सीटवर तांबूरनं एक डोळा उघडला. तिच्याकडे पाहिलं, दार उघडणाऱ्या एरवानकडे पाहिलं, आणि निर्धास्तपणे डोळा मिटून घेतला.