भांडी पुसायला येणारे गृहस्थ

"डॉक्टरीणबाई, फक्त दहा मिनिटं द्या. तुमच्या घरात किती धूळ आहे ते मी तुम्हाला दाखवतो!"

दारात एक गृहस्थ उभे होते. पावसाने डोक्यापासून बुटांपर्यंत भिजलेले, एका हातात भलीमोठी पेटी, गळ्यात टाय... आणि टायच्या टोकातून टपटप पाणी गळत होतं.

मी काही डॉक्टरीणबाई नाही. त्या वरच्या मजल्यावर राहतात. मी छापखान्यात पुस्तकांची बाइंडिंग करते. पण हे सांगायला मी तोंड उघडेपर्यंत गृहस्थ आत आले होते, पेटी उघडली होती आणि माझ्या पाच वर्षांच्या लेकीने, टिचकीने, टाळ्याही वाजवायला सुरुवात केली होती.

"हा व्हॅक्यूम क्लीनर! आता बघा हं." त्यांनी खोलीभर नजर फिरवली. मग जरा गडबडले. कारण आमच्या घरात धूळ नव्हती. माझ्या सासूबाई जुन्या बनियनचं ओलं फडकं घेऊन दिवसातून दोनदा फरशी पुसतात. आमच्याकडे मुंगीसुद्धा घसरते.

"काही हरकत नाही," ते म्हणाले. खिशातून त्यांनी एक पिशवी काढली आणि — मी नको नको म्हणेपर्यंत — आमच्या लखलखीत फरशीवर ती रिकामी केली. भुसा, राख, केस, कुठल्या तरी भिंतीचा चुना!

"ही आमच्या कंपनीची नमुन्याची धूळ," त्यांनी अभिमानाने सांगितलं आणि बटण दाबलं.

त्याच क्षणी सगळ्या इमारतीची वीज गेली.

बाहेर पाऊस, आत राख. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी फरशीकडे पाहिलं, मग त्या गृहस्थांकडे.

"आता?"

"वीज आली की लगेच..."

"आणि तोवर आम्ही काय भिंतीवरून चालायचं?"

त्या आत गेल्या, केरसुणी घेऊन आल्या आणि ती त्यांच्या हातात दिली. गृहस्थांनी निमूटपणे टाय खांद्यावर टाकला आणि केर काढायला लागले. काढत कसले होते, या कोपऱ्यातला त्या कोपऱ्यात ढकलत होते.

"असं नाही काही, यंत्रकाका," टिचकी म्हणाली. "वाकून!"

मला हसू आवरेना. त्यांनी वाकूनच माझ्याकडे वर पाहिलं. भुवईवर राखेचा ठिपका, आणि डोळे मात्र... जाऊ दे. डोळ्यांचं नंतर सांगते.

केर भरून झाल्यावर सासूबाईंचा राग ओसरला. त्यांनी चहा टाकला आणि अंग पुसायला टॉवेल दिला. यंत्रवाल्यांनी तो उलटसुलट करून पाहिला.

"हा अर्धाच आहे."

"मधे विरला होता. कापून दोन केले," सासूबाई म्हणाल्या.

"आणि हाही विरला की?"

"पायपुसणं."

"आणि ते फाटलं की?"

"अहो, आमच्या घरात कुठलीही वस्तू रिटायर होत नाही. तिची फक्त बदली होते."

ते इतक्या मोठ्याने हसले की कपातला चहा बशीत आला. तेव्हाच वीजही आली, पण बटण दाबायचं कोणालाच आठवलं नाही.

आमच्या काटकसरीबद्दल सांगायला हवं. टिचकी आठ महिन्यांची असताना तिचे बाबा आजारपणात गेले. घरात उरलो तिघी... एक म्हातारी, एक तरणी, एक रांगती. तेव्हा काटकसर गरज म्हणून घरात शिरली. नंतर दिवस बरे आले, पण तिला आमचं घर आवडलं असावं, ती राहिलीच. संध्याकाळी आम्ही एकाच खोलीत दिवा लावतो, त्यामुळे तिघींना एकमेकींशी बोलावंच लागतं. छापखान्यातल्या पुठ्ठ्याच्या कातरणांतून टिचकीचं आख्खं गाव उभं राहिलंय. तिच्या फ्रॉकची शिवण दर वर्षी थोडी उसवली, की मागच्या वर्षीची रेघ दिसते. त्या रेघा मोजून ती पाहुण्यांना आपलं वय सांगते. लोक अंथरूण पाहून पाय पसरतात. माझ्या सासूबाई आधी अंथरुणाची उशी करतात आणि मग पायांचं बघू म्हणतात.

दोन दिवसांनी यंत्रवाले पुन्हा दारात.

"माझी नमुन्याची धूळ इथे राहिली बहुतेक."

"ती तुम्हीच केरात भरलीत," मी म्हटलं.

"हो का? मग... पिशवी?"

"पिशवी तुमच्या खिशातून डोकावतेय."

त्यांनी खिशाकडे पाहिलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "मग मी कशाला आलो बरं?"

"ते तुम्हीच आठवा. तोवर आत या."

मग ते येतच राहिले. कधी वरच्या डॉक्टरीणबाईंकडे काम होतं, कधी रस्त्यात चिखल होता, आणि एकदा तर, 'तुमच्या इमारतीचा जिना चांगला आहे' म्हणून. सासूबाई त्यांना जेवायला बसवायच्या. फुकट जेवणार नाही म्हणून जेवण झालं की ते भांडी पुसायला उभे राहायचे. मी घासायची, ते पुसायचे.

आमचं स्वयंपाकघर हातभर रुंद. दोन माणसं उभी राहिली की कोपराला कोपर लागणारच. पहिल्या दिवशी लागलं तेव्हा दोघंही "सॉरी" म्हणालो. दुसऱ्या दिवशी एकटेच ते म्हणाले. तिसऱ्या दिवसापासून... कोणीच नाही.

"तुमच्या खोलीवर जेवणाचं काय करता?" मी एकदा विचारलं.

"माझ्याकडे टोस्टर आहे, ज्यूसर आहे, अंडी उकडायचं यंत्र आहे, पॉपकॉर्नचं यंत्र आहे. कंपनीत सवलत मिळते ना."

"मग थाट आहे की!"

"थाट कसला? बसायला जागा नाही. मी उभ्यानेच पाव खातो."

"एवढं घेता कशाला?"

ताटली पुसता पुसता ते थांबले. "घरी गेल्यावर काहीतरी आवाज हवा असतो हो. ज्यूसर मोठ्याने वाजतो."

त्या दिवशी मी एक स्वच्छ पातेलं उगाचच पुन्हा घासायला घेतलं. त्यांच्या लक्षात आलं असावं. तेही वाटी फार सावकाश पुसत होते.

पण यंत्रवाल्यांचा धंदा बुडायला लागला. दोष आमच्या घराचा. एका बाईंना ते म्हणाले, "बाई, तुमचा जुना मिक्सर चांगला आहे, फक्त पातं बदला," आणि पातं स्वतःच बदलून दिलं. एका आजोबांना म्हणाले, "पंखा कशाला नवा? तेल घाला." यंत्र उघडून दुरुस्त करण्यात त्यांचा हात असा काही बसलेला, की ग्राहक खूश आणि मॅनेजर लाल!

एका गुरुवारी ते आले. एकच ताटली किती वेळ पुसत होते. तिच्यावरची नक्षी जाईल की काय असं मला वाटायला लागलं.

"शनिवारपर्यंत एक डिशवॉशर विकायचाय," शेवटी ते म्हणाले. "नाहीतर माझी बदली. इथून दोन दिवसांचा प्रवास आहे."

माझ्या हातातला चमचा पाण्यात पडला. मनात आलं, म्हणावं, जाऊ नका. अगदी ओठांवर आलं होतं... आणि मी काय म्हटलं?

"स्वेटर घ्या बरोबर."

मूर्ख! स्वेटर म्हणे! रात्रभर स्वतःला शिव्या दिल्या.

शनिवारी छापखान्यातून परतले. बोटांवर पुस्तकं चिकटवायची खळ वाळलेली, डोकं दुखत होतं. दार उघडलं तर खोली अर्धीच उरलेली. उरलेल्या अर्ध्या खोलीत कपाटाएवढं खोकं! त्याच्या एका बाजूला यंत्रवाले, दुसऱ्या बाजूला सासूबाई, आणि खोक्यावर टिचकी.

"हे काय आहे?"

"डिशवॉशर," यंत्रवाले पुटपुटले.

"ते दिसतंय मला. आमच्या घरात काय करतंय?"

"तेच मी मावशींना विचा—"

पण मी ऐकण्याच्या पलीकडे गेले होते. "तुम्ही आणलंत ना? शनिवार आला, गिऱ्हाईक मिळालं नाही, म्हणून आमच्याच गळ्यात! का आमची दया आली? इतके दिवस इथे येताय, तुम्हाला आमच्याकडे उणीवच दिसली का हो? चार ताटल्या, चार वाट्या आणि एक पातेलं, त्यासाठी एवढं धूड? म्हणे घासतं, म्हणे वाळवतं! सगळं हेच करणार असेल तर मग आपण दोघांनी काय करायचं?"

बोलून गेले आणि तोंडावर हात गेला. पण तीर सुटला होता.

"आई," खोक्यावरून टिचकी म्हणाली, "तू 'आपण दोघांनी' म्हणालीस."

"गप गं!"

यंत्रवाल्यांचा चेहरा... आता डोळ्यांचं सांगते. ते डोळे नेहमी काहीतरी विकायला आल्यासारखे लगबगीत असायचे. त्या क्षणी ते माझ्यावर येऊन थांबले.

"पुन्हा म्हणता का?" ते हळूच म्हणाले.

"नाही."

"बरं."

"ए, तुमचं राहू दे बाजूला," सासूबाई खोक्यावर थाप मारत म्हणाल्या. "हे मी मागवलंय. त्यांच्या कंपनीत फोन करून."

मी चाटच पडले. ज्या बाईने साबणाची चिपटी चिपटीला चिकटवून वर्षं काढली, तिने डिशवॉशर मागवला?

"आई, पण पैसे?"

"कवळीचे ठेवले होते ना बाजूला. कवळी काय, पुढच्या वर्षी. पाव चहात बुडवून खाता येतो."

"पण कशासाठी, आई?"

सासूबाईंनी पदराशी चाळा केला, मग एकदम ताठ झाल्या. "हे बघ. एक मुलगा देवाने नेला. तिथे माझं काही चाललं नाही. दुसरा तो मॅनेजर नेतोय. तिथे तरी मला बोलू दे!"

यंत्रवाल्यांनी खोक्यावरची पावती काढली, एकदा वाचली आणि घडी घालून खिशात ठेवली.

"मावशी, मी हे तुम्हाला विकू शकत नाही."

"का? माझे पैसे खोटे आहेत?"

"तुम्हाला याची गरज नाही."

"अरे, तू विक्रेता आहेस की कोण?" सासूबाई ओरडल्या. कधी 'अहो' सोडून 'अरे'वर आल्या ते त्यांनाही कळलं नाही.

"आता बहुतेक कोणीच नाही," ते म्हणाले आणि फोन लावला. पलीकडून मॅनेजरचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता. यंत्रवाले दोनदा "हो साहेब" म्हणाले, एकदा "नाही साहेब" म्हणाले, आणि शेवटी म्हणाले, "साहेब, त्यांच्याकडे चारच ताटल्या आहेत." मग फोन कट झाला.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"बदली रद्द."

"अय्या! खरंच?"

"नोकरीही."

सासूबाई मटकन खाली बसल्या. यंत्रवाले मात्र माझ्याकडे वळले. टाय सरळ केला, घसा खाकरला.

"मला माहितेय, मागणी घालायला याहून वाईट दिवस शोधून सापडायचा नाही. नोकरी गेली, खोलीत सगळी यंत्रंच, बचत शून्य. पण... मला रोज संध्याकाळी इथे यायचंय. आणि परत जायचं नाहीये."

बोटांवरची खळ मी खरवडत राहिले. चार वर्षं मी सगळं पुरवून पुरवून वापरलं होतं, कापड, साबण, दिवा... आणि हसणंसुद्धा. ते किती उरलंय हेही पाहिलं नव्हतं. आणि हा माणूस आल्यापासून ते संपता संपत नव्हतं.

"आमच्याकडे ज्यूसर नाही," मी कसंबसं म्हटलं. "आवाज होणार नाही."

"टिचकी आहे की!"

"मी आहेच!" टिचकी खोक्यावरून किंचाळली.

मी होकारार्थी मान हलवली. त्यांनी ते समजून घेतलं. फार काही सांगावं लागत नाही त्यांना.

सोमवारी खोकं परत गेलं आणि महिनाभरात सासूबाईंना कवळी बसली. यंत्रवाल्यांनी आपली यंत्रं विकून अवजारं घेतली आणि आमच्याच रस्त्यावर एका बंद दुकानाच्या ओट्यावर दुरुस्तीचं टेबल मांडलं. आधी मिक्सरवाल्या बाई आल्या, मग पंख्याचे आजोबा, मग ज्यांना त्यांनी 'घेऊ नका' म्हणून सांगितलं होतं ते सगळेच. त्यांच्याइतका खरं बोलणारा माणूस कोणाला भेटलाच नव्हता. चार महिन्यांत टेबलाला टेबल जोडावं लागलं.

मग आम्ही लग्न केलं. माझ्या जेवणाच्या सुट्टीत, कचेरीत जाऊन, दोन सह्या करून. साक्षीदार सासूबाई, डॉक्टरीणबाई आणि पंख्याचे आजोबा. सही करताना सासूबाईंनी नाव पूर्ण आणि ठसठशीत लिहिलं. मग यंत्रवाल्यांच्या गालाला हात लावला आणि म्हणाल्या, "जेवायला उशीर करायचा नाही हं."

"नाही, आई," ते म्हणाले. मावशी म्हणाले नाहीत.

त्या दोघी टिचकीला घेऊन पुढे निघाल्या. मला छापखान्यात परत जायचं होतं, ते मला पोचवायला आले. ऊन पडलं होतं, रस्ता नुसता ओला होता. कोपऱ्यापर्यंत दोघंही डबकी चुकवत चाललो. नवरा-बायको झाल्यावर पहिलं वाक्य काय बोलतात, कोण जाणे.

"एक विचारू?" ते म्हणाले. "तुम्ही मला आता... म्हणजे आपण एकमेकांना... तुम्हीच म्हणायचं का?"

समोरून एक मोटार डबक्याकडे सुसाट येत होती. मी त्यांची बाही धरली आणि त्यांना माझ्याकडे ओढलं.

"अरे, इकडे ये ना! भिजशील!"

मोटार गेली. डबक्यातलं पाणी पलीकडच्या भिंतीवर उडालं. पण तो जागचा हलला नाही. भर रस्त्यात, माझ्या हातात आपली बाही तशीच ठेवून, तो नुसता हसत उभा राहिला.