शेवटच्या रांगेपर्यंत

बस घाटाला लागली आणि ढोल्याने जाहीर केलं, "ज्यांना ओकायचंय त्यांनी डावीकडे बसा. उजवीकडे मी आहे."

"तू दोन्हीकडे आहेस," मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळी बस खिदळली.

टिटवी हसली नाही. गानवृंदात तिचं हे नाव तिच्या आवाजावरून पडलं होतं. आवाज बारीक आणि टोकदार, पण सुराला पक्का. म्हणून तर पहिला सूर देणारी शिट्टी सरांनी तिच्या गळ्यात अडकवली होती. ढोल्याचं नाव पोटावरून आणि शेजारी बसलेल्या बाहुलीचं तिच्या इस्त्रीच्या झग्यावरून. बाहुली संस्थेच्या अध्यक्षांची मुलगी. बसही अध्यक्षांचीच.

"तुला खिडकी हवी का?" बाहुलीने विचारलं.

"तुझीच बस आहे. मला कशाला विचारतेस?"

बाहुलीने झग्याची घडी सारखी केली. या जागेवर खरं तर ताई असायला हवी होती. टिटवीची सख्खी बहीण, तिच्याहून दोन वर्षांनी मोठी. ताई गायला लागली की सर वर्गातले पंखे बंद करायला सांगत. समूहगान महोत्सवासाठी 'किनारा' हे गाणं बसवलं तेव्हा मधल्या चार ओळी एकटीने कुणी म्हणायच्या, हे कुणाला विचारावंही लागलं नव्हतं.

खोट एकच होती. ताईला दमा होता. 'दूर त्या किनाऱ्यावर कुणी दिवा ठेवला' ही ओळ काही केल्या तिला एका दमात जायची नाही. 'किना' म्हटलं की श्वास तुटायचा आणि मग 'ऱ्यावर' यायचं. सर महिनाभर ओरडले. शेवटी त्यांनीच तोड काढली. तिच्या शेजारी टिटवी उभी राहील आणि नेमक्या त्या क्षणी आपला 'आ' लांबवेल, म्हणजे मधली फट कुणाला कळणार नाही. याला वृंदात 'श्वास झाकणं' म्हणत. टिटवीने तो इतक्या वेळा झाकला होता, की आता झोपेतही झाकला असता.

निघायला दोन आठवडे उरले असताना सर घरी आले. पाण्याचा पेला तसाच खाली ठेवून म्हणाले, "घाटातली थंड हवा, सभागृहातली धूळ. वाटेत हिला धाप लागली तर काय करायचं?" आईनेही मान डोलावली. दुसऱ्याच दिवशी त्या चार ओळी बाहुलीला मिळाल्या. महोत्सवाला वयाची अट चौदा वर्षांची होती आणि ताईला दोन महिन्यांनी पंधरावं लागणार होतं. 'पुढच्या वर्षी जा' असं तिला कुणी म्हटलं नाही, कारण तिच्यासाठी पुढचं वर्ष नव्हतंच.

ताई रडली नाही. उलट बाहुलीला ओळी शिकवायला शाळेत जात राहिली. टिटवीला वाटे, इतकं चांगलं असू नये माणसाने.

सभागृह प्रचंड होतं. ढोल्याने खुर्च्यांच्या रांगा मोजल्या. चाळीस. स्पर्धा पाच वाजता होती आणि त्याआधी प्रत्येक वृंदाला रंगमंचावर एकदा गाऊन पाहायची मुभा होती. टिटवीने शिट्टी फुंकली, सरांचा हात उठला आणि गाणं सुरू झालं. मधल्या ओळी आल्या. बाकीचे नुसतं गुणगुणायला लागले आणि बाहुलीचा आवाज कर्ण्यांतून सभागृहभर पसरला.

"अरेच्चा," ढोल्या पुटपुटला, "हिला कंठ फुटला की."

"माइक चांगला असेल," पलीकडची मुलगी म्हणाली.

'दूर त्या किना...' आणि टिटवीने आपला 'आ' लांबवला. सवयीने, काहीच विचार न करता. ओळ पुढे गेली आणि मग तिने मान वळवली. आपण आत्ता काय झाकलं? कर्ण्यांतून श्वास तुटलेला ऐकू आला होता, पण शेजारी उभ्या असलेल्या बाहुलीचे खांदे तर हललेच नव्हते.

कपडे बदलायच्या खोलीत तिने बाहुलीला गाठलं. ढोल्या दाराला पाठ लावून उभा राहिला. ते दार त्याच्याहून मोठं नव्हतं, त्यामुळे आत कुणी येण्याचा प्रश्नच नव्हता.

"'किनाऱ्यावर' म्हणताना मधे श्वास घेतलास?" टिटवीने विचारलं.

"नाही."

"मग कुणी घेतला?"

बाहुली पेटाऱ्यावर बसली. झग्याला सुरकुत्या पडतील याची तिला एरवी कोण काळजी. आज तिने खाली पाहिलंही नाही.

"कॅसेट आहे," ती म्हणाली. "तुझ्या ताईच्या आवाजाची. सर म्हणाले, तू फक्त ओठ हलव. माइककाका वरून लावतात."

"आणि तू हलवलेस?"

"मग काय करू? बाबांना वाटतं मी शिकले. सगळ्या नातेवाइकांना घेऊन येतायत ते." मग हळूच म्हणाली, "मला येतं गं थोडंफार. माझा आवाज एवढासाच आहे, पण आहे. कुणी ऐकूनच घेत नाही."

बाहुलीवर चिडायचं असं टिटवीने बसमध्ये ठरवलं होतं. आता तो राग कुठे ठेवावा हे तिला कळेना.

"परीक्षकांना सांगू या," ढोल्या म्हणाला.

"सर म्हणतील, बहिणीला आणलं नाही म्हणून पोटदुखी. आपल्याजवळ पुरावा काय?"

"कॅसेट पळवू."

"आणि घरी नेऊन काय करायचं? लोणचं? चोर आपणच ठरू." टिटवी येरझाऱ्या घालायला लागली. "बाहुली, मला ती ऐकायचीय."

"चला. मला तसंही चार वाजता सराव करायला बोलावलंय."

सभागृहाची ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्या माइककाकांची केबिन मागच्या बाजूला, जिना चढून गेल्यावर होती. काका भला माणूस, पण कामापेक्षा गप्पांत रमणारा. ढोल्याने खालूनच बोंब ठोकली, "काका, तिसरा माइक कुई करतोय!"

"तूच काहीतरी केलं असशील," काका उठले. जाताजाता बाहुलीला म्हणाले, "ऐकून झालं की फीत चौदा आकड्यावर आणून ठेव हं. तिथून गाणं सुरू होतं."

बाहुलीने फीत पार सुरुवातीला नेली. टिटवीने कानाला हेडफोन लावले. आधी खरखर. मग सरांचा आवाज, "ये, इथे उभी राहा. खोकला आला तर थांब."

मग ताई. "सर, नीट ऐकू येईल ना?"

"शेवटच्या रांगेपर्यंत. लाव सूर."

शेवटच्या रांगेपर्यंत हे सरांचं पालुपद होतं, ते दिवसातून दहादा म्हणत. त्यानंतर ताईने सूर लावला. टिटवीने हेडफोन काढून ठेवले. तिला वाटलं, बिचारीला काय सांगितलं असेल? बाहुलीच्या सरावासाठी हवंय म्हणून? आणि ही आपली नीट ऐकू येईल ना म्हणून विचारते.

"हे सगळ्यांना ऐकू जायला हवं," ती म्हणाली. "गाणं नाही. त्याच्या आधीचं."

"पण काका आकडा बघतात ना," बाहुली म्हणाली.

टिटवीने यंत्राकडे पाहिलं. आकडे यंत्रावर होते, कॅसेटवर नव्हते. "तू फीत चौदावर आण. मग कॅसेट बाहेर काढ. तुझ्याकडे पेन्सिल आहे?"

होती. बाहुलीकडे टोक केलेली पेन्सिल नसेल असं कधी व्हायचं नाही. टिटवीने ती कॅसेटच्या दातेरी चाकात घातली आणि फीत गोल गोल उलटी फिरवली, पार सुरुवातीपर्यंत. कॅसेट पुन्हा आत बसवली. आकडा होता तिथेच, चौदा.

"टिटवे," बाहुली म्हणाली, "मग त्या ओळी कोण म्हणणार?"

"तू."

"मी बेसूर झाले तर?"

"मी शेजारी आहे ना. मी झाकीन."

जिन्यावर ढोल्याने विचारलं, "बाकीच्यांना सांगायचं? त्यांनीही वर्षभर घासलंय."

"बत्तीस जणांना सांगितलं की बत्तीस मतं होतील," टिटवी म्हणाली. तेव्हा तिला हे शहाणपणाचं वाटलं होतं.

पाच वाजता सभागृह गच्च भरलं. अध्यक्ष पहिल्या रांगेत, त्यांच्या मागे दोन रांगा नातेवाईक. गाणं सुरू झालं आणि छान चाललं. खरं तर इतकं छान ते कधीच झालं नव्हतं. मधल्या ओळी आल्या. गुणगुण सुरू झाली. सरांनी बाहुलीकडे हात केला आणि कर्ण्यांतून खरखर ऐकू आली.

"ये, इथे उभी राहा. खोकला आला तर थांब."

सर तोंड मिटून उभे होते आणि सरांचा आवाज सभागृहात घुमत होता. हजारभर माणसांनी एकदा कर्ण्यांकडे पाहिलं, एकदा सरांकडे. गुणगुण थांबली.

"सर, नीट ऐकू येईल ना?"

"शेवटच्या रांगेपर्यंत. लाव..."

खट्. वर माइककाकांनी बटण बंद केलं.

मागच्या खुर्चीवर कुणीतरी हसलं. सरांचा हात अजून हवेतच होता. टिटवीने शिट्टी फुंकली आणि बाहुली गायला लागली. आवाज खरंच एवढासाच होता. दुसऱ्या ओळीत तो थरथरला, तिसरीत श्वास नको तिथे संपला. जिथे जिथे संपला तिथे तिथे टिटवी होती. चौथ्या ओळीला ढोल्याही आला. मग बाकीचे, गोंधळलेले, अर्धवट. कसंबसं गाणं पैलतीराला लागलं.

निकालात त्यांचं नाव नव्हतं. ध्वनिफीत वापरणाऱ्या वृंदाला स्पर्धेतून बाद करावं असा नियमच होता. पांढऱ्या केसांच्या मुख्य परीक्षक बाई मुद्दाम आत आल्या. खरं कसं कळलं ते त्यांनी टिटवीकडून सगळं ऐकलं, श्वासापासून पेन्सिलीपर्यंत. तिच्या आणि बाहुलीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तीस वर्षं परीक्षक आहे. असे कान आणि अशी छाती एकत्र पाहिली नव्हती." अध्यक्षांनी सगळ्यांसमोर मुलीला जवळ घेतलं. सर म्हणाले, काहीतरी तांत्रिक चूक झाली.

परतीच्या बसमध्ये कुणी ओकायचे विनोद केले नाहीत. मागे एक छोटी मुलगी मुसमुसत होती. घाट उतरल्यावर पलीकडच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "तुझी बहीण आली नाही यात आमचा काय गुन्हा होता?" टिटवीने गळ्यातली शिट्टी काढून पिशवीत ठेवली. ढोल्याने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. त्याच्या बाबतीत ही नवलाचीच गोष्ट होती.

माइककाकांना पुन्हा कामावर बोलावलं गेलं नाही. सर महिनाभर रजेवर होते आणि मग परत आले. गावात मात्र टिटवीचं नाव झालं. मुख्याध्यापक बाईंनी प्रार्थनेच्या वेळी तिला पुढे बोलावून सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. बहीण असावी तर अशी, असं लोक म्हणू लागले.

पण हे सगळं नंतर झालं. स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी टिटवी घरी पोचली तेव्हा ताई आतल्या खोलीत धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. टिटवीने पिशवी टाकली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. पेन्सिलीची युक्ती तर दोनदा सांगितली. ताई हातातली घडी तशीच धरून ऐकत राहिली.

"मग गाणं लागलं का?" तिने विचारलं.

"नाही ना. सूर लावायच्या आधीच काकांनी बंद केलं."

"म्हणजे एकही ओळ नाही?"

"नाही."

ताईने घडी खाली ठेवली. मग उचलली, उलगडली आणि परत घालायला लागली. "किती रांगा होत्या गं?"

"चाळीस."

"चाळीस," ताई म्हणाली. "मी सरांना विचारलं होतं, नीट ऐकू येईल ना."

"तेच तर कॅसेटवर आहे. सगळ्यांनी ऐकलं."

"उगाच नव्हतं विचारलं."

टिटवीने तिच्या हातातला कपडा धरला. खिडकीतून आलेलं ऊन कपड्यांच्या ढिगावर पडलं होतं.

"तुला माहीत होतं?"

"सरांनी मला विचारूनच केलं होतं. मी हो म्हटलं." ताईचा आवाज अगदी साधा होता. "मला जाता येणार नव्हतं. म्हटलं, आवाज तरी जाऊ दे. एकदा तेवढ्या मोठ्या ठिकाणी..."

"मग मला सांगायचं होतंस."

"तू भांडली असतीस."

ते खरंच होतं. टिटवी काही बोलणार इतक्यात बाहेरून शेजारच्या काकूंची हाक आली. ढोल्याच्या आईने त्यांना सगळं सांगितलं होतं. त्यांच्याबरोबर आणखी दोघी होत्या. "कुठाय ती आमची शूर पोर? बाहेर ये पाहू. बहिणीसाठी केवढं केलंस गं!"

"जा," ताई म्हणाली. "तुझं कौतुक करायला आल्यात."

टिटवी बाहेर गेली. काकूंनी तिच्या गालावरून हात फिरवला. आई दारात उभी होती, तिचे डोळे भरून आले होते. "सांग ना, कसं होतं ते सभागृह?" काकूंनी विचारलं.

तेवढ्यात आतल्या खोलीत एक श्वास मधेच तुटला. अर्धा गेला, अर्धा अडकला. बाहेर दुसऱ्या कुणाला तो कळला नसता. मग दुसरा तुटला.

"फाऽऽऽर मोठं होतं," टिटवी मोठ्याने म्हणाली. तिने तो 'आ' पुरेल तितका लांबवला आणि आतलं रडणं थांबेपर्यंत ती बोलत राहिली, त्या चाळीस रांगांविषयी.