टोपलीवरची डहाळी

बडनेऱ्याच्या फलाटावर सहदेवने कॅमेऱ्याची चावी भरली, डोळा लावला, बटण दाबलं... आणि अकोल्याकडून येणारी गाडी आणि तो, या दोघांच्या मधोमध एक मुलगी येऊन उभी राहिली. डोक्यावर मेथीची टोपली, पदर कमरेला खोचलेला. थंडीने नाक लाल झालेलं. ती सरळ कॅमेऱ्यातच पाहू लागली.

"हे काय हाये, भाऊ? दळण दळून राहिले काय?"

कॅमेरा जात्यासारखा घरघरत होता, हे खरंच होतं.

"बाजूले व्हा जरा. गाडी घेऊन राहिलो मी."

"गाडी तं सरकारची हाये. तुमी कशी घेता?"

सहदेवला हसू आलं. हसण्याच्या नादात बटणावरचं बोट उचलायचं राहूनच गेलं. चावी संपली, घरघर थांबली, तेव्हा त्याच्या लक्षात आलं. एका फितीत चार मिनिटं, एका चावीत अर्धं मिनिट. आठ चाव्यांतली एक गेली, आणि तिच्यात गाडी नव्हतीच. ही होती.

तो वैतागून कॅमेरा शेजारच्या दुसऱ्या टोपलीवर ठेवायला गेला.

"तिच्यावर नका ठेवू. डहाळी दिसत नाई काय?"

टोपलीवर निंबाची एक लहानशी डहाळी ठेवलेली होती.

"मंग?"

"मंग काय? त्या टोपलीचं बोलणं झालं. गिऱ्हाईक येवो तवा येवो, दुसऱ्यानं हात लावाचा नाई. बडनेऱ्याच्या बाजारात पोट्टंसोट्टंबी हे जाणते. तुमी कोठचे?"

"नांदगाव खंडेश्वरचा. आमच्याकडे असं नसते."

"म्हणूनच," ती म्हणाली आणि अमरावतीच्या छोट्या गाडीत चढून गेली. फलाटावर मेथीचा ओला वास तेवढा राहिला.

सहदेव अमरावतीला कॉलेजात शिकत होता. त्या वर्षी संमेलनासाठी पदार्थविज्ञानाच्या वामनराव सरांनी आपला चावीचा कॅमेरा काढला होता. चार विद्यार्थी, प्रत्येकाला एक फीत, विषय ज्याचा त्याने निवडायचा. सहदेवने कागदावर बारा गोष्टी लिहिल्या. रेल्वे, जिनिंग, संत्र्याचा बगीचा, गाविलगड, आणखी काय काय. सरांनी एकेकीवर काट मारली.

"चार मिनिटांत अख्खं वऱ्हाड दाखवू नकोस. एक माणूस घे. त्याचं एक काम घे. आणि त्याचं काहीतरी अडलेलं असू दे. ते सुटतं की नाही एवढंच लोक बघतात. बाकी सगळं भरताड."

सगळ्या ओळींवर काट बसली, तेव्हा सहदेवला लाल नाक आठवलं.

शुक्रवारी तो बडनेऱ्याच्या बाजारात गेला. मुलीचं नाव सत्यवती. आई लहानपणीच गेलेली, आत्याने वाढवलेली. आत्या म्हणजे गोदाबाई. तिने सहदेवला गाव विचारलं, बापाचं नाव विचारलं, मामाचं गाव विचारलं. त्यांचाही भाजीचा मळा आहे हे कळल्यावर तिचा आवाज मवाळ झाला.

"म्हणजे आपलेच लोक. पण पोरीचा फोटो काढून कोणाले दाखोसान?"

"कॉलेजात. तिचा नाई, मेथीचा. मेथी सकाळच्या गाडीले पोचते का सुकते, एवढंच दाखवाचं हाये."

"मेथीचा फोटो," गोदाबाई म्हणाली. "शिकल्यावर असं होते काय?"

पण तिने हो म्हटलं. आपल्या मळ्यात, आपल्या डोळ्यांसमोर, या अटीवर.

पहिल्या दिवशी एक चावी पुन्हा वाया गेली. सहदेवने बटण दाबलं आणि दोघीही खांबासारख्या उभ्या राहिल्या. हात सरळ, हनुवटी वर. गोदाबाईने श्वाससुद्धा रोखलेला.

"आत्याबाई, हला जरा. काम करा नेहमीचं."

गोदाबाई ओठ न हलवता म्हणाली, "हललं की फोटो बिघडते. जत्रेतल्या फोटोवाल्यानं सांगतलं हाये आमाले."

"हा हलणारा फोटो हाये."

"मंग तो हलू दे. आमी काहून हलू?"

सत्यवती हसली, आणि ती हसली तेव्हा चावी संपली होती.

मग तो चार सकाळी येत राहिला. मेथी खुडताना एक चावी, जुड्या बांधताना एक. तिची बोटं इतकी झरझर चालत की ती अख्खी चावी त्याने नुसत्या बोटांवरच घालवली. सर म्हणाले होते, हात खोटं बोलत नाहीत. पायवाटेने घाईने जाताना एक. वाटेत टोपली सावरायला थांबते, मागे गाडीचा धूर दिसतो, तिथे एक. गाडीत टोपली चढते, तिथे एक. तिसऱ्या सकाळी त्याच्या ध्यानात आलं की ती आता त्याला भाऊ म्हणत नव्हती. काहीच म्हणत नव्हती. "ओ... ऐकलं का," एवढंच.

"तुमच्या चित्रात बोललेलं ऐकू येते काय?" तिने विचारलं.

"नाई. मुकं हाये."

"तुमच्यासारखं."

तो खाली पाहत कॅमेरा पुसत राहिला. कारण आदल्या दिवशीच गोदाबाईने बोलता बोलता सांगितलं होतं, संक्रांत झाली की अकोल्याचे लोक पोरीला पाहायला येणार. मुलगा चांगला आहे. जमलं तर माघात बोलणं होईल. गोदाबाई हे सांगून थोडी थांबलीही होती. त्या थांबण्यात सहदेवने एक वाक्य घालायचं होतं. जात आडवी नव्हती, घर आडवं नव्हतं. आडवी आली ती त्याची जीभ. तो म्हणाला, "बरं झालं." आणि रात्रभर त्या दोन शब्दांसाठी स्वतःला शिव्या दिल्या.

"किती उरलं?" सत्यवतीने विचारलं.

"एक चावी."

"तिच्यात तुमी या. पाच दिवस आमाले राबवलं. बसा इथं, मेथी धुवा."

"मी आत आलो तं कॅमेरा कोण चालवीन?"

"जत्रेतला फोटोवाला," ती म्हणाली.

त्याने कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर बसवला, बटण अडकवलं आणि धावत येऊन पाटाच्या पाण्याशी उकिडवा बसला. पाणी बर्फासारखं होतं. तो खाली मान घालून जुड्या धूत राहिला. मागे ती होती एवढं त्याला कळत होतं, आणि मान वर करायची हिंमत होत नव्हती. घरघर थांबली. तो उठता उठता पुढे वाकला, तेव्हा त्याच्या टोपीवरून काहीतरी पाण्यात पडलं आणि वाहत गेलं. पान असेल, त्याला वाटलं.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं."

"दिसलं तुमाले सारं?"

"मी तं पाठमोरा होतो."

"हो ना..." ती म्हणाली. "मंग पाहजा, फीत आली की."

फीत धुवायला मुंबईला गेली. पोस्टाने जायची, पोस्टाने यायची. संक्रांत झाली. सहदेव बडनेऱ्याला गेला नाही. कशाला जायचं? तिळगूळ घ्यायला?

फीत आली ती संमेलनाच्याच दिवशी. कापायला वेळ नव्हता. "शेवटची चावी काढायला हवी होती," सर म्हणाले, "तिथे तुझं काय काम?" सहदेवलाही ते पटलं.

पांढऱ्या चादरीवर आधी सत्यवती आली, मोठीच्या मोठी, कॅमेऱ्याला काहीतरी विचारणारी. मग दोघी खांब झालेल्या, त्यावर सभागृह खदखदून हसलं. मग मेथी, बोटं, पायवाट. हसणं हळूहळू थांबलं. वाटेत ती टोपली सावरायला थांबली, तेव्हा मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "चाल ना बाई, गाडी सुटते." सरांनी अंधारात सहदेवच्या खांद्यावर हात ठेवला.

मग शेवटची चावी. तो स्वतः, पाठमोरा, मेथी धूत. मागे सत्यवती. तिने गोदाबाई कुठे आहे ते पाहिलं. हात वर करून निंबाची एक डहाळी मोडली. आणि अलगद, टोपीला धक्का न लावता, ती त्याच्या टोपीवर ठेवली. मग सरळ कॅमेऱ्यात पाहिलं. हसली नाही.

लोकांना ती थट्टा वाटली, ते हसले. त्या डहाळीचा अर्थ सभागृहात एकाच माणसाला कळला.

ती फीत सहदेवजवळ अजून आहे, पत्र्याच्या डबीत. दाखवायचं यंत्र आता नाही. तो ती खिडकीशी धरून एकेक चौकट पाहतो. हात टोपीपर्यंत यायला एकवीस चौकटी लागतात. सत्यवती जाऊन दोन वर्षं झाली, पण बाविसाव्या चौकटीत ती त्याच्याकडे पाहते.

त्या दिवशी मात्र तो बक्षीस कोणाला मिळालं ते ऐकायला थांबला नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने बडनेऱ्याला उतरला. फलाटाबाहेर निंबाखाली ती रिकामी टोपली घेऊन उभी होती. गोदाबाई थोड्या अंतरावर शेंगा विकत होती.

"अकोल्याचे लोक..." तो म्हणाला.

"आले होते. पोहे खाऊन गेले."

"मंग?"

"आत्यानं इचारलं मले. मी म्हटलं, डहाळी ठेवून झाली."

"आत्या काय म्हणे?"

"म्हणे, मंग गिऱ्हाईक कोठी हाये? मी सांगतलं, मुंबईहून येऊन राहिलं... पोस्टानं." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "लई उशीर लागते तुमच्या पोस्टाले."

सहदेवने वर हात केला, एक डहाळी मोडली. रात्रभर गाडीची वाट पाहत त्याने चार वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवलं नाही. त्याने डहाळी तिच्या टोपलीत ठेवली.

"टोपली तं रिकामी हाये," ती हळू म्हणाली.

"असू दे. मले पायजे."

ती डहाळीकडे पाहत होती, तो तिच्याकडे. दोघं तशीच उभी, हात सरळ, श्वास रोखून.

शेंगांच्या ढिगामागून गोदाबाईचा आवाज आला.

"आता हलू नका दोघंबी. फोटो बिघडते."