गावची माणसं

लंडनच्या किलबर्न भागातल्या आमच्या मेयो मंडळाचं निम्मं काम स्वयंपाकघरातलं आणि निम्मं कबरस्तानातलं. दर गुरुवारी दुपारी म्हाताऱ्या आयरिश माणसांना उकडलेले बटाटे, कोबी आणि खारवलेलं मांस वाढायचं. आणि त्यांच्यातलं कुणी भाड्याच्या खोलीत एकटं मेलं, तर त्याला बेवारस जाऊ द्यायचं नाही. सत्तर वर्षांत असा एकही माणूस आम्ही जाऊ दिलेला नाही. मला याचा अभिमान आहे, आजही.

रीत एकच. खड्ड्याशी फादर विचारतात, "याचं कोण आलंय?" आम्ही एका सुरात म्हणतो, "गावची माणसं." नातं सांगायचं नाही. का, ते मंडळ काढणाऱ्यांनी कुठे लिहून ठेवलेलं नाही.

फेस्टस कॅफर्कीला पुरलं ती सकाळ वाऱ्याची होती. बोगदे खोदण्यात त्याचं आयुष्य गेलं; डाव्या हाताची शेवटची दोन बोटंही तिथेच गेली. अध्यक्ष मॅलकी डर्कनची बस चुकली, बाकीचे तापाने पडलेले, त्यामुळे मी एकटीच. एकटीने "गावची माणसं" म्हणायला कसंसंच वाटलं. माझे बाबा आयर्लंडात, मेयोतल्या आमच्या गावी एकटे राहतात. सहा वर्षांत मी गेले नव्हते, नुसते रविवारचे फोन. इथे माझ्या घरी भिंतीवर पहिल्या कम्युनियनचा, लहानपणीच्या त्या चर्चमधल्या विधीचा, फोटो आहे. त्यात बाबा चौकटीबाहेर कापले गेलेत, माझ्या खांद्यावरचा त्यांचा हात तेवढा आलाय.

"मुलगी आलीय," मी फादरना सांगितलं.

एरवी कशालाही खिदळणारा मॅलकी नंतर मंडळाच्या स्वयंपाकघरात हे ऐकून हसला नाही.

"डिम्फना, जीभ आवरायचीस की गं."

"मेलेल्याचं त्यात काय बिघडलं?"

"त्याचं नाही म्हणत मी." आणि तो बटाटे सोलायला बसला.

त्या गुरुवारी जेवणं आटोपली तेव्हा एक उष्टं ताट जास्तीचं निघालं. मिसेस टूहींना डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही. त्यांनी माझा हात धरला.

"लबाड! बाबा आलेत ते बोलली नाहीस? माझ्या शेजारीच बसले होते."

"माझे बाबा मेयोत आहेत, मिसेस टूही."

"आता मला वेड्यात काढ. मुलगी घरी कधी येणार म्हणून दोनदा विचारलं त्यांनी. मी मीठ दिलं. हात किती गार गं त्यांचा! आणि बोटं तीनच."

त्यांच्या शेजारच्या खुर्चीखाली ओली माती पडली होती. मी ती पुसली आणि कुणाला काही बोलले नाही. शुक्रवारी तशीच माती माझ्या दाराबाहेर होती. शनिवारी दाराच्या आत.

रविवारी दुपारी, नेहमीच्या वेळी, मी फोन लावला. उद्याच्या बोटीचं तिकीट काढलं होतं, तेच सांगायचं होतं.

"बाबा, मी डिम्फना."

"कोण?"

"डिम्फना. लंडनहून."

"नंबर चुकला बघ, बाळ." आवाज त्यांचाच. मागे त्यांचं ते घड्याळही ऐकू येत होतं. "मला मुलगी नाही. दोन मुलगेच."

"बाबा, थट्टा नका करू. मी येतेय उद्या."

"अगं, रडतेस होय?" ते खरोखर कळवळले. "असं कर, तुझ्या बाबांकडे जा. वाट बघत असतील बिचारे."

त्यांनी फोन ठेवला.

मी रिसीव्हर धरून तशीच उभी राहिले. इतकी भ्याले होते की वळून दाराकडे बघवेना.

समोर फोटो होता. पांढऱ्या झग्यातली सात वर्षांची मी.

खांद्यावर हात.

मी जवळ गेले. बोटं मोजली.

अंगठा धरून तीन.