मातीनं घेतलं नाही

कबरीतून सगळ्यात आधी निघाला तो बूट. पुरुषाचा, चामड्याचा, टाच झिजलेला.

कबर वासिलोबाईची होती, आणि ती जन्मभर कापडी सपाता घालून वावरली होती. तिची मुलगी मारिगो वाईनचा घडा घेऊन कडेला उभी होती, जावई यांगोस खड्ड्यात. त्याने फावडं ठेवलं, हाताने माती सारली. बुटामागोमाग नडगीचं हाड आलं, मग पट्टा, मग कवटी. कवटीची मागची बाजू अंड्यासारखी फुटली होती. आणि म्हातारीच्या शवपेटीचं झाकण अजून हातभर खाली होतं.

गावचे धर्मगुरू पापा थिमिओस प्रार्थना म्हणता म्हणता थांबले. पोलिसांना बोलवायला हवं, म्हणाले.

"नको," मारिगो म्हणाली.

हा "नको" तिच्या नवऱ्याला दिवसभर भोवला.

आमच्या गावच्या, पालेओलूत्राच्या चौकीत दोनच माणसं: उपनिरीक्षक स्मारो काल्त्सा आणि तिचा हवालदार. अथेन्सचे पेन्शनर गुडघे शेकायला आमच्या गरम झऱ्यांवर येतात आणि एकमेकांचे टॉवेल उचलून नेतात. वर्षभरात चौकीपुढे येणारा गुन्हा साधारण एवढाच. स्मारो आली तेव्हा बाथगाऊन घातलेले चार म्हातारे स्मशानाच्या भिंतीवरून आत डोकावत होते. तिने त्यांना हाकललं आणि ती खड्ड्यात उतरली.

आमच्याकडे जागा थोडी आणि मेलेले फार. तीन वर्षं झाली की कबर उघडायची, हाडं वाईनने धुवायची, पेटीत भरून हाडांच्या कोठीत ठेवायची, खड्डा पुढच्याला द्यायचा. दुसऱ्या गावांत पाच-पाच वर्षं थांबावं लागतं. इथे झऱ्यांची वाफ स्मशानाखालूनही फिरते, माती कायम कोमट, त्यामुळे तीन वर्षांत काम होतं. गावाला याचा अभिमान आहे. अभिमान बाळगायला माणसं काहीही शोधतात.

कवटीचा पुढचा एक दात अर्धा तुटलेला होता. स्मारोने वर बघितलं. पापा थिमिओसनी मान खाली घातली.

तो दात सगळ्या गावाने तुटताना बघितला होता. जत्रेत नाचताना आर्गिरिसने मारिगोच्या कमरेला हात लावला आणि यांगोसने एका ठोशात त्याचा दात तोडला. मग थोड्याच दिवसांत वासिलोबाई गेली, आणि त्याच आठवड्यात आर्गिरिसही गावातून नाहीसा झाला. स्वीडनहून आलेल्या एका बाईबरोबर निघून जाणार, असं तो महिनाभर बडबडत होताच. गावाने म्हटलं, गेला.

गेला नव्हता. म्हातारीच्या उरावर पडून होता.

बातमीला पाय फुटले. फाटकातून आर्गिरिसचा धाकटा भाऊ स्टाथिस धावत आला, पायात हौद घासायचे ओले रबरी बूट. त्याच्या घरच्या शेतातल्या झऱ्यावरची स्नानगृहं साफ करणं आणि गावात कोणी मेलं की खड्डा खणणं, दोन्ही कामं त्याचीच. आज मात्र त्याला कोणी बोलावलं नव्हतं. त्याने कवटी पाहिली, तो दात पाहिला आणि गुडघ्यांवर कोसळून गुरासारखा ओरडला. मग उठला, फावडं उचललं आणि यांगोसच्या तोंडावर हाणलं.

पहिल्या फटक्यात जबडा गेला. दुसरा डोळ्यावर बसला. यांगोसने हातसुद्धा वर केला नाही. तिसरा बसण्याआधी स्मारोने हवेत गोळी झाडली. भिंतीपलीकडून गावातली पाच-सहा माणसं आत घुसली आणि स्टाथिसला तिच्या हाताखालून ओढून घेऊन गेली.

जाताना तो वळून म्हणाला, "आज अंधार पडायच्या आत याला मारतो. मधे आलीस तर तुलाही."

स्मारोने जिल्ह्याच्या शहरातून, हल्किदाहून कुमक मागवली. डोंगराचा रस्ता, यायला दुपार उलटणार. तिने यांगोसला आरोग्य केंद्रात टाकलं, दाराशी हवालदार बसवला आणि परत खड्ड्यापाशी आली. म्हातारीची शवपेटी तिने आपल्यासमोर उघडवली. वासिलोबाईची नुसती हाडं उरली होती, स्वच्छ, कोरडी.

मारिगोच्या हातावर नवऱ्याचं रक्त वाळलं होतं. तिने पेटीत वाकून पाहिलं.

"सगळी मोकळी आहेत ना?" तिने विचारलं. "बाई, तुम्ही नीट बघा. कुठे मांस नाही ना?"

"नाही."

"पाठीकडे? केसांखाली?"

"काही नाही, मारिगो."

ती छातीवर क्रूस काढत सुटली. स्मारो तिच्याकडे बघत राहिली. नवरा मरायला टेकलाय, बाजूला खून झालेला माणूस पडलाय, आणि ही आईच्या केसांखालचं विचारते आहे.

चौकीत स्मारोने तिला समोर बसवलं.

"एवढ्या पहाटे का गेलात?"

"अशीच."

"हाडं काढताना घरचं माणूसन् माणूस येतं. रडारड होते, नंतर सगळ्यांना कॉफी असते. तुम्ही दोघंच?"

मारिगो हातावरचं वाळलेलं रक्त नखाने खरवडू लागली.

"स्टाथिसला का नाही बोलावलं? खणायचं काम त्याचं."

"त्याच्यासमोर परत नको होतं."

"परत म्हणजे?"

मारिगो खुर्चीवरून उठायला लागली. स्मारोने तिला सरळ सांगितलं: गाव तुझ्या नवऱ्याच्या रक्ताला तहानलंय, आणि तो हातसुद्धा न उचलता मार खातो, त्याला काहीतरी माहीत आहे, तुलाही. मारिगो रडली. म्हणाली, "त्यानं मला शब्द दिलाय. माझ्या आईचं नाव आहे त्यात."

पापा थिमिओस चर्चमागे कोबीच्या वाफ्यात पाणी घालत होते. काळजीत असले की ते पाणी घालतात; त्या वर्षी कोबी कुजली.

"पापा, बूट निघाला तेव्हा तुम्ही कोणती प्रार्थना म्हणत होतात?"

"नेहमीची."

"माझी आजी प्रत्येक हाडं-धुणीला मला घेऊन जायची. नेहमीची प्रार्थना हाडं वर आल्यावर म्हणतात. तुम्ही आधीच सुरू केली होती."

त्यांनी झारी खाली ठेवली.

"वरची माती भुसभुशीत होती," स्मारो म्हणाली. "कबर याआधी उघडली होती, हो ना?"

"ते त्या घरचं आहे, बाळ. मी सांगू शकत नाही."

"बरं, एवढं सांगा. स्टाथिस खणतो तेव्हा नातेवाईक जवळ असतात?"

हे सांगायला त्यांची हरकत नव्हती. तो भल्या पहाटे एकटाच सुरुवात करतो, म्हणाले. माणसं येईपर्यंत शवपेटीपर्यंत पोचलेला असतो. बायकांना फावड्याचा आवाज सोसत नाही. एकदाच तसं झालं नाही, ते म्हणाले, जीभ चावली आणि झारी परत उचलली.

तेवढ्यात खाली बंदुकीचा आवाज झाला.

आरोग्य केंद्राची काच फुटली होती. हवालदार दारात खांदा धरून बसला होता, बोटांमधून रक्त ठिबकत होतं. समोरच्या चौकात अर्धा गाव. पुढे स्टाथिस, हातात दुनळी. नर्सने आतून पलंग ओढून दाराला लावला होता. यांगोसला आपणहोऊन बाहेर काढा, नाहीतर मी आत येतो, असं स्टाथिस ओरडत होता, आणि मागची माणसं त्याला अडवत नव्हती. कालपर्यंत यातलीच अर्धी यांगोसच्या टेबलावर बसून त्याचीच वाईन पीत होती.

स्मारो पिस्तूल काढून मधे उभी राहिली. तिच्यामागून मारिगो आली.

"मी सांगते," मारिगो म्हणाली. कोणी ऐकेना. तिने परत सुरुवात केली. "मी सांगते. ऐका सगळ्यांनी. माझ्या आईला मातीनं घेतलं नाही."

एका म्हातारीने बाजूला थुंकून अंगावर क्रूस काढला. ज्याला माती घेत नाही तो शापित असतो, असं आम्ही मानतो. जिवंतपणी त्याने काहीतरी महापाप केलेलं असतं, आणि ते सात पिढ्यांना चिकटतं. मुलींची लग्नं मोडतात. अशा घरचं लोक पाणी पीत नाहीत.

"ऑक्टोबरात तीन वर्षं झाली तेव्हा आम्ही उघडली होती कबर. मला रात्रभर झोप नव्हती, पहाटेच यांगोसला आणि पापांना घेऊन गेले होते. आई न विरघळता निघाली. लगेच बुजवली आणि कोणाला सांगितलं नाही. यांगोसनं शपथ घेतली होती. तेवढ्यासाठी तो मार खातोय. आज पापांनी क्षमेची प्रार्थना म्हटली, म्हणून ती मोकळी झाली. आता म्हणा काय म्हणायचं ते. पण त्याला मारू नका."

स्मारोने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तू स्वतः पाहिलंस? आईला, न विरघळलेली?"

"मी... मी लांब होते. खणणाऱ्यानं दोन हात उकरलं आणि ओरडला, घेतलं नाही हिला मातीनं. आम्ही सगळ्यांनी तोंडं फिरवली. बघायचं नसतं ते."

"यांगोसनं पाहिलं?"

"कोणीच नाही."

"खणत कोण होतं?"

मारिगोने मान वर केली. तिला ते त्या क्षणी कळलं, आणि चौकालाही.

"स्टाथिस," ती म्हणाली.

स्मारो पिस्तूल खाली न घेता बोलू लागली.

"गावात सकाळपासून एकच म्हणणं: प्रेत लपवायला तीन वर्षांनी उघडणारी जागा कोण निवडेल? मूर्खच. खरं आहे, सगळ्यांसाठी मूर्खपणा. एक माणूस सोडून. जो ती जागा आपल्या हाताने उघडणार, तेही पहाटे, एकटा. सोयरे येईपर्यंत भावाची हाडं काढून कोठीमागच्या मोठ्या खड्ड्यात, बेवारस हाडांत टाकली असती. कोण ओळखणार होतं? पण ऑक्टोबरात मारिगोला झोप लागली नाही. स्टाथिस, तू पोचलास तेव्हा ही बाई पापांना घेऊन आधीच तिथे उभी होती. आता काय करायचं? तुला एक वाक्य माहीत होतं, जे ऐकल्यावर या गावात एकही माणूस कबरीत डोकावत नाही. ते तू म्हटलंस."

"खोटं आहे," स्टाथिस म्हणाला.

"एवढी कोमट माती. या स्मशानात आजवर कोणाला मातीनं नाकारलंय? कोणी आठवून सांगा. नंतर तुला ती हाडं हलवता आली नाहीत, कारण मारिगो रोज संध्याकाळी तिथे दिवा लावते. उकरलेली माती तिला दिसली असती. अशी कबर दोन वर्षं पुन्हा उघडत नाहीत, तेवढा वेळ तुझ्या हिशेबी हातात होता. पण तिला आईचं दुःख सोसवेना, आणि तिने तुला न सांगताच कबर उघडली. डोकं फावड्याच्या पात्याने फोडलंय, मागून. तुमच्या शेतातला झरा आर्गिरिसला हॉटेलवाल्यांना द्यायचा होता, हे गावाला माहीत आहे. आता तिथे कोणाचे हौद आहेत?"

सगळ्या माना स्टाथिसकडे वळल्या. त्याच्याजवळचे दोघं बाजूला सरकले.

"तो द्यायला निघाला होता," स्टाथिस म्हणाला. "बापानं हातानं खणलेला झरा. आणि वर हसत होता. फुटक्या दातानं हसत होता."

हे म्हणता म्हणताच त्याने बंदूक उचलली. रोखली ती मारिगोवर. स्मारोने दोनदा गोळी झाडली. एक मांडीत गेली, एक मनगटात. दुनळीचा बार रस्त्यातल्या दगडावर फुटला. तो पडला तेव्हा सकाळपासून त्याच्या बाजूने असलेली तीच माणसं त्याच्यावर तुटून पडली. लाथा, काठ्या, कोणाच्या तरी हातातली खुर्ची. सकाळी स्मारोला यांगोसला वाचवावं लागलं होतं, आता याला. तिसरी गोळी तिला गर्दीच्या डोक्यांवरून झाडावी लागली. आमच्या गावाचं मला कधी कधी तोंड बघवत नाही.

यांगोसचा डोळा वाचला नाही. जबडा तारेने बांधून त्याला हल्किदाच्या मोठ्या इस्पितळात ठेवलं. मारिगो त्याच्या उशाशी बसून सगळं सांगत गेली: स्टाथिस, फावडं, ऑक्टोबर. तो एका डोळ्याने छताकडे बघत ऐकत होता.

बांधलेल्या दातांतून त्याचा आवाज आला. "मग सासूबाई?"

"आधीपासून मोकळीच होती रे. ऑक्टोबरातसुद्धा. तिला कोणी नाकारलंच नव्हतं."

त्याने छतावरची नजर तिच्याकडे वळवली.

"म्हणजे मी उगाच मार खाल्ला."

मारिगोला हसू फुटलं, आणि हसता हसता तिला रडू आवरेना. तिने त्याच्या हातावर कपाळ टेकवलं.

"नाही रे," ती म्हणाली. "उगाच नाही."