मनगटावरचा ठिपका

"बाई, ही फुलपाखरं शी करतात का?"

शाल्मलीनं बेधडक विचारलं आणि मागे कियारा आणि लुदोविका पोट धरून हसत सुटल्या. या मैत्रिणींशी लावलेली पैज तिनं जिंकली होती! इटलीत आली तेव्हा ‘पाणी पिऊ का’ विचारतानाही तिची बोबडी वळायची. आता ओकच्या रानात ती अख्ख्या वर्गासमोर उभी होती.

बेर्तीनीबाई हसल्या नाहीत. "हात पुढे कर, कळेल. या फुलपाखराचं नाव रानराखी; ती घामाला हपापलेली असते. सोंड उलगडून मीठ चाखते आणि जाताना थेंब सोडून जाते."

सगळ्यांच्या डोळ्यांवर ओळखचष्मे होते. खोडावर मिटल्या पंखांनी बसलेली राखाडी रानराखी साध्या नजरेला सालच वाटायची. चष्मा नक्षी ओळखून ‘टिंग’ करायचा आणि आकडा थेट गावच्या कचेरीत जायचा. आकडा चांगला आला, म्हणजे फुलपाखरं पुरेशी आहेत असं धरून, ओकची पानं खाणाऱ्या किडीच्या अळ्या मारायला ड्रोननं औषध फवारायची परवानगी.

टिंग. टिंग. शाल्मलीनं घामेजलेला हात खोडाशी नेला. पाखरू ढिम्म. दुसरं, तिसरं, तेही तसंच. या नक्षीचे रंगवलेले पंख तिनं आईच्या टेबलावर सुकताना पाहिले होते.

मग एक आलं. मनगटावर बसलं, सोंडेनं गुदगुल्या केल्या आणि उडालं. मागे इवलासा थेंब.

"बाई, हे एकच खरं."

"आणि बाकीची?"

"आईची."

घरी जेवायला बसताना आई म्हणाली, "हात धू आधी."

"नाही धुणार. आई, तुझी यंत्रपाखरं चष्मा मोजतोय."

आईचा डाव भातातच राहिला. "खऱ्यांवर लक्ष ठेवायला केली गं ती. यंत्रांना मोजणीतून वगळायची खूण चष्म्यात घालायची राहिली. आमचे साहेब म्हणाले, हंगाम संपल्यावर बघू."

"सोमवारी फवारणी आहे! ते औषध फुलपाखरांच्या अळ्यांना वगळणार आहे का?"

"शालू," बाबा हळूच म्हणाले, "आपला व्हिसा आईच्या नोकरीवर आहे, बाळा."

शाल्मलीला रडू फुटायला आलं होतं. तरी तिनं मनगट दिव्याखाली धरलं. त्यावर वाळलेला फिकट ठिपका होता.

"उद्या मी कचेरीत जाणार. चष्म्याचा नाही, माझ्या हाताचा आकडा सांगणार. एक." तिनं आईकडे पाहिलं. "तू माझ्या शेजारी उभी राहशील, की समोर?"