बाळसं न्हाय, बाई

कमलबाई कुणाच्या बोलण्याला भुलणारी बाई नव्हे. अख्खी तामलवाडी तिला टरकून असे. पण लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर, सोलापुरात टेस्ट ट्यूब करून सून शिवकन्येला दिवस गेले, आणि ही खमकी बाई आनंदानं आंधळी झाली. सातव्या महिन्यात सुनेचे हातपाय भरले, तोंड गोल झालं, तर म्हणाली, "बाळसं धरलंय पोरीनं. दृष्ट काढा." डोकं दुखतंय म्हटलं की सुंठ उगाळून कपाळावर.

सुनेच्या ओटीभरणाच्या, चोळीच्या कार्यक्रमाच्या आदल्या दुपारी कासारीण दारात आली. नाव रुद्रम्मा म्हणाली. बांगड्यांची पेटी तिनं ओसरीवर आदळली, पण काच वाजली नाही. चिंध्या भरल्या असतील, कमलबाईला वाटलं.

शिवकन्येचा हात धरून रुद्रम्मा थबकली. "सव्वादोनच्या बांगडीचा हात हाय हिचा. आज अडीचची चढंना." मग वाकून तिनं नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला, तो भरेचना.

"डोळ्यापुढं काजवे चमकत्यात, व्हय गं?"

"व्हय. सकाळपासनं," शिवकन्या म्हणाली.

"बाळसं न्हाय, बाई," रुद्रम्मा कमलबाईला म्हणाली. "आत्ता निघा. पोटातल्या दोघी थांबायच्या न्हाईत."

जुळं आहे हे घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. मुली आहेत हे तर घरातही नव्हतं. कमलबाईनं आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या बाईचं मुकाट ऐकलं.

सोलापुरात डॉक्टरीणबाईंनी बीपी पाहिलं आणि लगेच ऑपरेशनला घेतलं. "टेस्ट ट्यूबच्या जुळ्यात ही भीती जास्तच असते. सूज, डोकेदुखी, डोळ्यांपुढं काजवे, या खुणाच आहेत. उद्यावर टाकलं असतं तर तिघीही हाती लागल्या नसत्या. कुणी ओळखलं हो?"

"आमच्या कासारणीनं," कमलबाई अभिमानानं म्हणाली. धन्य ती बाई.

रुद्रम्मासाठी हिरवं लुगडं घेतलं. पण गावचा कासार कल्याणप्पा म्हणाला, "रुद्रम्मा? अशी कुणी न्हाई. आमच्यात बाया पेटी घेऊन फिरत न्हाईत, मावशी."

दवाखान्यातल्या काचेच्या पेटीत महिना काढून मुली घरी आल्या. कमलबाईनं धाकटीला न्हाऊ घालायला पायांवर घेतलं. तेल लावता लावता बोट अडलं.

एवढ्याशा नडगीवर अंगठ्याचा खड्डा. मोठ्या माणसाच्या.

थोरलीचा पाय पाहिला. तिथंही.

सूज कुठंच नव्हती. खड्डे भरत नव्हते.

मागं ओसरीवर काच किणकिणली.

कमलबाईनं मान वळवली नाही. "शिवकन्ये," ती हळू म्हणाली, "पाट मांड. तिचं लुगडं आण."